कचेरीतील आसनाचा इतिहास

राज्यांचे इतिहास लिहिताना आपण लढाया, तहनामे आणि राजघराण्यांच्या वंशावळी यांचा तपशीलवार परामर्श घेतो. परंतु ज्यांच्या लेखणीवाचून एकही तहनामा सिद्ध झाला नसता, एकाही सरदाराचा सरंजाम चालू राहिला नसता आणि एकाही गावचा वसूल खजिन्यात जमा झाला नसता, ते कारकून कसे बसत, कशावर बसत आणि जन्मभराच्या त्या बसण्याने त्यांच्या देहाची काय अवस्था होई, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक, लेखणीवर उपजीविका करणाऱ्या माणसाच्या जागेपणीच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच्या आसनावर व्यतीत होतो. तलवारीचा इतिहास लिहिला जातो, नांगराचा लिहिला जातो; मग कारकुनाची गादी, मुनिमाचे बैठे मेज आणि साहेबाची खुर्ची यांचाच तेवढा का लिहिला जाऊ नये? या इतिहासाकडे लक्ष दिले असता एक गोष्ट ठळकपणे प्रत्ययास येते. आसन जोवर हुद्द्याच्या आणि देखरेखीच्या मापाने घडत होते, तोवर त्याच्याशी जुळवून घेण्याचा सारा भार माणसाच्या शरीरावर पडत होता. आसनानेच माणसाशी जुळवून घ्यावे ही कल्पना अगदी अलीकडची असून आपल्या देशात तिचा अंमल अद्याप अपुरा आहे.

आपल्याकडील लेखनकामाची जुनी बैठक पाहावयाची तर पेशवाईतील हुजूर दफ्तराकडे वळले पाहिजे. सातारा आणि पुणे येथून चालणाऱ्या त्या अफाट कारभाराचा कागद आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेला आहे, आणि त्यातून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडून प्रसिद्ध केलेले कागद पंचेचाळीस खंड भरतील एवढे निघाले. फडणीस, मुजुमदार, चिटणीस, दफ्तरदार आणि त्यांच्या हाताखालील असंख्य कारकून यांनी ही सारी लेखनसृष्टी जमिनीवर बसून निर्माण केली. खाली सतरंजी किंवा जाजम, मानाच्या व्यक्तीस गादी आणि पाठीशी लोड, शेजारी दौत, बोरू आणि ओली शाई टिपण्यासाठी वाळू, एवढाच त्या कचेरीचा सरंजाम होता. मेज म्हणून निराळी वस्तू बहुधा नव्हती. उभा केलेला गुडघा हेच लिहिणाऱ्याचे मेज होते. कागदाचा लांब बंद डाव्या हातात धरून गुडघ्यावर टेकवावयाचा आणि बोरू शक्य तितका न उचलता मोडीची ओळ पळवावयाची, अशी ती रीत होती. या बैठकीची प्रतिष्ठा एवढी होती की परराष्ट्राच्या वकिलालाही तिच्यापुढे नमावे लागे. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० साली झालेल्या तहाच्या दरबाराचे टॉमस डॅनियलने पुढे जे प्रसिद्ध चित्र रंगविले, त्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांपुढे आपल्या लोकांसह भूमीवरच बसलेला दिसतो.

या बैठकीचे गुण आणि दोष दोन्ही समतोलपणे सांगितले पाहिजेत. तिचा मोठा गुण हा की तिने माणसाला एकाच अवस्थेत जखडून ठेवले नाही. घटकाभर मांडी घालावी, मग एक गुडघा उभा करावा, पाय अवघडला की तो दुमडून दुसरा मोकळा करावा, वाचावयाचे असेल तेव्हा लोडाला टेकावे, आणि दफ्तरातून रुमाल काढावयाचा झाला की उठावे, असा हालचालीचा क्रम तिच्यात आपोआप घडत असे. परंतु गुडघ्यावरील कागदाकडे मान वाकवून सारा दिवस काढणाऱ्याच्या मानेला आणि पाठीला त्या बैठकीने कितपत सुख दिले असेल हा विचार केला, आणि वयोमानाने गुडघे धरलेल्या वृद्ध कारकुनास जमिनीवरून उठताना काय यातना होत असतील हे मनात आणले, म्हणजे गतकालाचे निर्भेळ गुणगान करण्यास मन धजत नाही. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी या दोषावर आपल्यापुरता एक उपाय योजला होता. उतरत्या झाकणाची बैठी लाकडी पेटी मुनिमाच्या पुढ्यात आली, तिच्यावर चोपडी तिरपी टेकू लागली, मान थोडी सरळ झाली, आणि झाकणाखाली रोकड व कागद ठेवण्याची सोयही झाली. देहाची गरज ओळखून सुताराने केलेली ही सुधारणा साधी असली तरी आपल्या कचेरीच्या इतिहासात तिचे स्थान मानाचे आहे.

सन १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कारभाराची भाषा, कायदा व शिरस्ता यांबरोबर हळूहळू आसनही पालटले. कलेक्टरच्या कचेरीत साहेब खुर्चीवर आणि देशी अंमलदार बैठकीवर, असा संमिश्र प्रकार काही काळ चालला. मामलेदारांच्या कचेऱ्यांतून तर जमिनीवरील बैठक दीर्घकाळ टिकून राहिली. मुंबई शहरात मात्र टेबल-खुर्चीचा अंमल लवकर पक्का झाला. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याच्या आराखड्यानुसार १८७४ मध्ये जुन्या सेक्रेटरिएटची भव्य इमारत पूर्ण झाली, आणि आज ज्या वास्तूत शहर दिवाणी न्यायालय भरते तेथे उंच छताच्या दालनांतून सागवानी टेबलांच्या व वेताने विणलेल्या खुर्च्यांच्या रांगा मांडल्या गेल्या. वेताची वीण ही या खुर्चीची एकमेव देशी दया होती. कारण मुंबईच्या दमट उन्हाळ्यात तिच्या छिद्रांतून वारा खेळे आणि बसणाऱ्याच्या वजनाने ती किंचित लवत असे. बाकी सारी मापे परकी होती. टेबल तीस इंच उंच आणि खुर्चीची बैठक सुमारे अठरा इंच, हे प्रमाण इंग्रजाच्या पोटरीवरून आणि त्याच्या बुटाच्या टाचेसह ठरलेले होते. आपल्या सुतारांनी ते नमुन्याबरहुकूम उतरवून घेतले, आणि सरासरीने आखूड पायांचा, वहाणा काढून बसणारा कारकून त्यावर बसला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नीट टेकेनात.

याहून अधिक विचारात घेण्याजोगी गोष्ट ही की खुर्ची आली ती शरीराची सोय म्हणून आली नाही, हुद्द्याचे चिन्ह म्हणून आली. हात असलेली खुर्ची कोणास आणि बिनहाताची कोणास, टेबलाला खण किती, वर हिरवे कापड असावे की नसावे, या गोष्टी कामाच्या स्वरूपावरून नव्हे तर पगाराच्या श्रेणीवरून ठरू लागल्या. साहेबाला सभोवार फिरणारी खुर्ची मिळाली, वस्तुतः त्याला फिरावे लागे थोडे. आणि दिवसभर डावीकडील दप्तरातून उजवीकडील नोंदवहीत उतारे घेणाऱ्या कारकुनाला अचल खुर्ची मिळाली, ज्याला पळोपळी वळावे लागे. अधिकाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकण्याची जी चाल सरकारी कचेऱ्यांत आजही दृष्टीस पडते, ती याच परंपरेची वारस आहे. स्वातंत्र्य मिळाले, मंत्रालय उभे राहिले, अंमलदारांची नावे देशी झाली. पण आसनाची श्रेणी आहे तशीच राहिली.

बसून लिहिणाऱ्याच्या व्याधींची जाणीव युरोपात मात्र पुष्कळ आधी झाली होती. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या व्याधींवर जो ग्रंथ रचला, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे; आणि सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल अविरत करणे व चुकू नये म्हणून मनावर अखंड ताण असणे, ही तीन कारणे त्याने तेथे स्पष्टपणे मांडली आहेत. तीनशे वर्षांनंतर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाच्या दुखण्यांचे निदान करावयाचे झाले तरी त्यात फारशी भर घालावी लागणार नाही. पण ज्ञान झाले म्हणून उपाय झाला असे होत नाही. अमेरिकेत टॉमस वॉरन याने १८४९ मध्ये बैठकीखाली पोलादी स्प्रिंगा बसवून कोणत्याही दिशेस कलणारी, फिरणारी खुर्ची सिद्ध केली, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडलीही गेली. तथापि सामान्य लेखनिकाच्या वाट्याला तसे सुख येण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात कचेरीवर सत्ता चालली ती कार्यक्षमतेच्या तत्त्वज्ञानाची. फ्रेडरिक टेलर याने कारखान्यातील मजुराच्या प्रत्येक हालचालीस घड्याळ लावले, आणि त्याचा १९११ चा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर तीच पद्धत कारकुनांस लागू करणारे पंडित निपजले. पूर्वीच्या उंच पाठीच्या, खणाखणांच्या लाकडी मेजाआड कारकुनाला थोडा एकांत मिळत असे. १९१५ साली न्यूयॉर्कच्या इक्विटेबल विमा कंपनीसाठी जे सपाट मेज बनविण्यात आले त्याने तो एकांत हिरावून घेतला, कारण सपाट मेजांच्या रांगांवरून देखरेख करणाऱ्याची नजर विनाअडथळा फिरू शकत होती. फ्रँक लॉइड राइट हा तर विसाव्या शतकातील थोर वास्तुशिल्पी. पण बफेलो येथे १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या लार्किन कंपनीच्या इमारतीत त्याने खुर्च्या मेजालाच लोखंडी दांड्याने जोडून टाकल्या. त्यामुळे जमीन झाडणे सुलभ झाले, दृश्य शिस्तबद्ध दिसू लागले, आणि बसणाऱ्याला आपली खुर्ची वीतभर मागे घेण्याचे स्वातंत्र्यही उरले नाही. पुढे जॉन्सन वॅक्स कंपनीसाठी त्याने तीन पायांची खुर्ची केली. तीवर दोन्ही पाय नीट टेकून ताठ न बसणारा कलंडून पडे, आणि अखेरीस तिला चौथा पाय द्यावा लागला. एवढ्या प्रतिभावंताच्या हातूनही असे घडले याचे कारण एकच, की त्याच्या डोळ्यांसमोर इमारतीचे सौंदर्य होते, बसणाऱ्याची पाठ नव्हती.

मुंबईत याच सुमारास एका निराळ्या उद्योगाने मूळ धरले होते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलुपांपासून आरंभ केलेला कारखाना तिजोऱ्यांकडे आणि १९२३ पासून पोलादी कपाटांकडे वळला. पुढे विक्रोळीच्या विस्तीर्ण आवारातून पोलादी टेबले, फायलींची कपाटे आणि खुर्च्या देशभरच्या कचेऱ्यांत जाऊ लागल्या. वाळवी, आग आणि दमट हवा या आपल्या कागदांच्या तीन शत्रूंविरुद्ध पोलादाने जे रक्षण दिले, त्याबद्दल भारतीय दफ्तरांनी या उद्योगाचे ऋण मानलेच पाहिजे. पण पोलादाची मापे एकदा साच्यात बसली की ती सहजी बदलत नाहीत. लाकडी खुर्चीचे पाय सुताराकडून इंचभर कापून घेता येत होते. पोलादी खुर्चीला ती सवलत नव्हती. टंकलेखन यंत्रांचा प्रसार झाला आणि १९५५ मध्ये गोदरेजचेच देशी यंत्र बाजारात आले, तेव्हा कळफलक टेबलाच्या पृष्ठभागाहून कितीतरी उंच येतो म्हणून टंकलेखकाचे टेबल मुद्दाम ठेंगणे करावे लागते, हा धडा कचेऱ्यांस मिळाला. तीस-चाळीस वर्षांनी संगणक आले आणि त्यांची मांडामांड सर्रास लेखनाच्या जुन्या उंच टेबलांवर झाली, तेव्हा तोच धडा कोणाच्या स्मरणात राहिला नव्हता. त्याची किंमत एका पिढीने खांदे, मान आणि मनगटे यांच्या दुखण्याने मोजली.

माणसाचा देह आणि त्याचे काम यांच्या संबंधाचे शास्त्र असावे, ही सूचना व्होइचेख यास्त्रशेंबोव्स्की या पोलिश विद्वानाने १८५७ मध्येच केली होती. परंतु तिला संस्थेचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये इंग्लंडात या विषयाची पहिली संशोधन-परिषद स्थापन झाली तेव्हा. मग प्रमाणे हाती येऊ लागली. अमेरिकेतील कीगन याने १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून दाखविले की मांड्या आणि धड यांच्यात काटकोन झाला की कमरेच्या कण्याचा स्वाभाविक बाक सपाट होतो. स्वीडनच्या नॅकेमसन याने कण्याच्या चकत्यांमधील दाब प्रत्यक्ष मोजून सांगितले की पुढे वाकून बसण्याने तो वाढतो आणि पाठीला टेकू मिळून धड मागे कलले की उतरतो. शाळेपासून ज्या काटकोनी ताठ बैठकीचा आपणास उपदेश होत आला, तिचा पायाच या संशोधनाने हलविला. कोणतीही एक बैठक सर्वकाळ योग्य नसते, बैठक पालटता येणे हेच आरोग्य, हा त्या सर्व परिश्रमांचा निष्कर्ष होय. आणि हुजूर दफ्तरातील कारकुनाला त्याच्या सतरंजीवर नकळत जे लाभले होते, त्याचेच शास्त्रीय समर्थन या निष्कर्षात आहे.

या ज्ञानाला वस्तूचे रूप देणाऱ्यांत दोन नावे विशेष स्मरणीय आहेत. रॉबर्ट प्रॉप्स्ट याने हर्मन मिलर कंपनीसाठी १९६४ मध्ये आणि सुधारून १९६८ मध्ये जी कचेरीची मांडणी सुचविली, तिच्यात उभ्याने काम करावयाचे मेज होते, उंची बदलता येणारी फळी होती, आणि हव्या त्या कोनात उभे करावयाचे हलके पडदे होते. माणसाने दिवसभरात उठावे, बसावे, चालावे, आणि आपली जागा कामानुसार आपणच घडवावी, असा त्याचा उदात्त हेतू होता. पण कंपन्यांनी त्या पडद्यांतून तेवढाच अर्थ काढला जो त्यांच्या भाड्याच्या हिशेबास मानवला. विशाल कोनांचे काटकोन झाले, जागा आक्रसली, आणि मोकळेपणासाठी योजलेल्या साधनांतून छोट्या छोट्या खोक्यांच्या अनंत रांगा उभ्या राहिल्या. प्रॉप्स्टने उत्तरायुष्यात त्यांचा तीव्र शब्दांत धिक्कार केला. दुसरे नाव विल्यम स्टम्फ याचे. वैद्यांच्या साहाय्याने बसण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास करून त्याने १९७६ मध्ये एर्गॉन खुर्ची दिली, आणि डॉन चॅडविकच्या सहकार्याने १९९४ मध्ये एरॉन खुर्ची दिली, जिची बैठक हवा खेळू देणाऱ्या जाळीची होती आणि जी लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन आकारांत मिळत असे. त्या आकारांचा संबंध पदाशी नव्हता, देहाशी होता. मुख्याधिकारी सडपातळ असेल तर त्याला लहान खुर्ची आणि त्याचा धिप्पाड साहाय्यक असेल तर त्याला मोठी. कचेरीच्या आसनाच्या इतिहासातील हे परिवर्तन मला सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्या देशातही या दिशेने पायाभरणी झालेली आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालानंतर अहमदाबादेस १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली, मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले आणि जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी त्याच्या जडणघडणीस आपले आयुष्य वाहिले. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय स्त्रीपुरुषांच्या शरीरमापांचा जो ग्रंथ १९९७ मध्ये अहमदाबादच्या संस्थेकडून प्रसिद्ध केला, तो तर प्रत्येक फर्निचर-कारखान्याच्या मेजावर असावयास हवा. कारण परदेशी खुर्ची येथे आणून तिचे दांडे फिरविले म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही. खुर्चीची सर्वांत खालची पातळीच जर आपल्या ठेंगण्या स्त्रीच्या पोटरीहून उंच असेल, तर ती बदलती आहे हे म्हणणे त्या स्त्रीच्या दृष्टीने निरर्थक ठरते. तिची टाच अधांतरी राहते, मांडीच्या मागील बाजूस बैठकीची कड रुतते, आणि शेवटी ती पायांखाली कागदाचे जुने गठ्ठे किंवा एखादा पाट ओढून घेते. खुर्चीवर बसल्या बसल्या एक पाय वर घेऊन अर्धी मांडी घालण्याची आपली सवयही शिष्टाचाराच्या नावाखाली निषिद्ध ठरविण्यापेक्षा, त्या सवयीस पुरेल एवढी रुंद व हात बाजूस सारता येणारी बैठक का घडवू नये? शतकानुशतके जमिनीवर बसत आलेल्या समाजाचे ते शरीरज्ञान आहे आणि अभिकल्पकाने त्याचा आदर केला पाहिजे.

खरेदीच्या शिरस्त्याचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. कचेरीचे फर्निचर वापरतो एक, पसंत करतो दुसरा आणि मंजूर करतो तिसरा. निविदा निघतात, किमान दराची स्वीकारली जाते, शंभर खुर्च्या एकाच मापाच्या येतात, आणि त्यांच्याखालील दांडा कशासाठी आहे हे बसणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. उंची कमीजास्त करण्याची सोय असलेली खुर्ची वर्षानुवर्षे एकाच उंचीवर राहते, आणि चांगली वस्तू घेऊनही तिचा गुण वाया जातो. घरूनच कचेरीचे काम करण्याची रीत २०२० नंतर रूढ झाली, तेव्हा जेवणाच्या टेबलापाशी आणि पलंगावर बसून काम करणाऱ्या लक्षावधी लोकांना पाठीचा प्रश्न आपला स्वतःचा म्हणून प्रथमच भेडसावला. त्या अनुभवातून जी जागृती झाली ती मावळू न देणे हे कचेऱ्यांच्या चालकांचे कर्तव्य आहे.

म्हणून माझी विनंती सरकारी खात्यांना, कारखानदारांना आणि कचेऱ्यांच्या व्यवस्थापकांना आहे. खुर्च्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी त्यांवर बसणाऱ्या माणसांची मापे घ्यावीत. एकाच कचेरीत किमान दोन-तीन आकारांची आसने असावीत. उंच माणसाला आणि ठेंगण्या माणसाला एकाच टेबलाशी झगडावे लागू नये. नव्या नोकराला हजेरीपत्रकावर सही करावयास शिकविले जाते त्याच दिवशी आपली खुर्ची आपल्या देहाशी कशी जुळवावी हेही शिकविले जावे. आणि तासातासाला उठून चार पावले टाकणाऱ्याकडे कामचुकार म्हणून पाहण्याची वृत्ती वरिष्ठांनी टाकून द्यावी. हुद्दा माणसाच्या कर्तृत्वाने ठरावा आणि आसन त्याच्या शरीराने ठरावे, एवढा साधा न्याय आपल्या कचेऱ्यांत रुजविण्यास आता कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता उरलेली नाही.